अध्यापकाचे दप्तर : वृत्तपत्रविद्येच्या एका प्राध्यापकाच्या निमित्ताने

साहित्याच्या इतिहासलेखनात लेखकाच्या खाजगी कागदपत्रांचे महत्त्व आता कोणी नाकारीत नाही. कवीची वही, कादंबरीकाराचा खर्डा, संपादकाला आलेली पत्रे यांचा आधार घेतल्याशिवाय लिहिलेले चरित्र आपल्याला अपुरे वाटते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्याने स्वतः लिहिण्यापेक्षा इतरांना लिहावयास शिकविण्यात आयुष्य वेचले, अशा अध्यापकाच्या कागदांचे काय, हा प्रश्न आपल्या विभागांमध्ये क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात तो वृत्तपत्रविद्येच्या प्राध्यापकापुरता मर्यादित करून मांडावयाचा आहे. याचे कारण असे की, गेल्या सत्तर वर्षांतील मराठी गद्याचा फार मोठा भाग वृत्तपत्रांतून घडला आहे, आणि ते गद्य लिहिणाऱ्यांपैकी अनेकांची लेखणी कुठल्या ना कुठल्या वर्गात तासली गेली आहे. त्या वर्गात काय घडत होते, याविषयी आपण जवळजवळ मुके आहोत.

ज्या प्राध्यापकाच्या निमित्ताने हे लिहीत आहे ते मराठी नव्हते. रोलंड ई. वूल्सली यांचा जन्म 1904 चा, मृत्यू 1998 चा. अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठात ते 1946 पासून निवृत्तीपर्यंत, म्हणजे 1972 पर्यंत, वृत्तपत्रविद्येचे प्राध्यापक होते. नियतकालिकांचा अभ्यास हा त्यांचा खास विषय. वर्तमानपत्राकडे सर्वांचे लक्ष असते, मासिकाकडे मात्र वृत्तपत्रविद्येचे शिक्षक सावत्र नजरेने पाहतात, असा तो काळ होता. 1952-53 या शैक्षणिक वर्षात फुलब्राइट योजनेखाली ते नागपूरला आले आणि तेथील हिस्लॉप कॉलेजात त्यांनी वृत्तपत्रविद्येचा विभाग उभा केला. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते, महाराष्ट्राचा भाग नव्हते, हे आज विद्यार्थ्यांना आठवण करून द्यावे लागते. लाहोरच्या पंजाब विद्यापीठात 1941 साली पृथ्वीपाल सिंह यांनी जो आरंभ केला होता, त्यानंतरच्या अगदी पहिल्या काही प्रयत्नांत हिस्लॉपचा हा विभाग मोडतो. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा विभाग सुरू व्हावयास 1964 साल उजाडले. म्हणजे आज ज्या प्रदेशाला आपण महाराष्ट्र म्हणतो, त्यातील महाविद्यालयीन पत्रकारिता-शिक्षणाच्या आरंभाच्या टप्प्यावर हा परदेशी प्राध्यापक उभा आहे. मराठी वृत्तपत्रसृष्टीच्या इतिहासात मात्र त्याच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते.

त्या वर्षीचे नागपूर डोळ्यांसमोर आणून पाहावे. ग. त्र्यं. माडखोलकर 'तरुण भारत'चे संपादक होते. बेळगावच्या 1946 च्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद भूषविलेला हा कादंबरीकार दररोज अग्रलेख लिहीत होता. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचा वारसा असलेला 'हितवाद' इंग्रजीत निघत होता, 'नवभारत' हिंदीत. एकाच शहरात तीन भाषांची वर्तमानपत्रे शेजारी शेजारी नांदत होती. दिल्लीत त्याच 1952 साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली पहिला वृत्तपत्र आयोग नेमला गेला होता. अशा वेळी, अशा ठिकाणी, इंग्रजी वर्तमानपत्रांच्या नमुन्यावर तयार झालेला एक शिक्षक वर्गात उभा राहिला. समोर मराठी आणि हिंदी घरांतून आलेली मुले. बातमीचा पहिला परिच्छेद कसा लिहावा, हे तो शिकवीत असेल. आणि ते शिकून मुले ज्या भाषेत काम करावयास जाणार होती, ती भाषा त्याला येत नव्हती. शिक्षणाच्या इतिहासातला हा विलक्षण प्रसंग आहे. मराठीच्या अभ्यासकाला तर तो अधिकच मोलाचा वाटावयास हवा, कारण इंग्रजी बातमीची रचना मराठी वाक्यात कशी उतरली, या प्रश्नाचे एक टोक त्या वर्गात आहे.

वूल्सलींनी संपादित केलेला 'जर्नालिझम इन मॉडर्न इंडिया' हा ग्रंथ मुंबईच्या एशिया पब्लिशिंग हाऊसने 1953 मध्ये प्रसिद्ध केला. 1964 मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. 'फेस टू फेस विथ इंडिया' हे पुस्तक 1954 चे. ही पुस्तके जुन्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत सापडतात. पण पुस्तक हे शिक्षकाच्या कामाचे शेवटचे, धुऊन-इस्त्री केलेले रूप असते. वर्गात काय फसले, कोणता पाठ दुसऱ्या वर्षी गाळावा लागला, कोणत्या विद्यार्थ्याने शिक्षकालाच विचारात पाडले, हे पुस्तकात येत नाही. ते येते पत्रांत, टिपणांत, अभ्यासक्रमाच्या खर्ड्यांत, समासात लिहिलेल्या शेऱ्यांत.

वूल्सलींची कागदपत्रे सिरॅक्यूज विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन केलेली आहेत, त्यांची सूची आहे आणि संशोधकाला ती मागता येतात. येथे मुद्दा अमेरिकेच्या संपन्नतेचा नाही. एका विद्यापीठाला आपल्या एका प्राध्यापकाचे कागद ठेवण्याजोगे वाटले, एवढाच आहे. हा गृहस्थ राष्ट्राध्यक्ष नव्हता, सेनापती नव्हता, प्रथम श्रेणीचा साहित्यिकही नव्हता. मुलांना मासिके कशी चालतात हे शिकविणारा तो शिक्षक होता. परंतु पत्रव्यवहार ही दोन टोकांची गोष्ट आहे. एक टोक सिरॅक्यूजमध्ये खोक्यात सुरक्षित राहते. दुसरे टोक, म्हणजे आपल्याकडच्या सहकाऱ्यांच्या नि विद्यार्थ्यांच्या घरांतील पत्रे, कुणाच्या तरी ट्रंकेत, माळ्यावर, वारसांच्या मर्जीवर अवलंबून राहते. परिणामी विदर्भातील पत्रकारिता-शिक्षणावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला आपला प्रवास अटलांटिकच्या पलीकडून सुरू करावा लागेल, आणि तेथून त्याला जे चित्र दिसेल ते पाहुण्याच्या डोळ्यांनी पाहिलेले असेल. वसाहतकाळाच्या इतिहासलेखनाविषयी आपण जी तक्रार करतो तीच येथे, आपल्याच आळसामुळे, पुन्हा करण्याची वेळ येते.

याच कारकिर्दीतील आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. 1971 मध्ये वूल्सलींनी 'द ब्लॅक प्रेस, यू. एस. ए.' हा ग्रंथ लिहिला. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांचा तो विस्तृत आढावा आहे. 1990 मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली. एक गौरवर्णीय प्राध्यापक उतारवयात या विषयाकडे का वळला असेल? अमेरिकेतील नागरी हक्कांची चळवळ हे उघड उत्तर आहे, आणि ते बहुधा पुरेसेही असेल. परंतु हाच माणूस 1952-53 मध्ये नागपुरात होता. ज्या शहरात 14 ऑक्टोबर 1956 रोजी धम्मदीक्षेचा सोहळा झाला, त्याच शहरात, त्याच्या जेमतेम तीन-चार वर्षे आधी. 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'जनता' ही परंपरा त्याच्या कानावर गेली होती काय? कुणी विद्यार्थी त्याच्याशी याविषयी बोलला होता काय? मला येथे कोणताही निष्कर्ष काढावयाचा नाही. अनुमानाच्या दोरीवर चालण्याची आपल्या संशोधकांना जरा जास्तच आवड आहे. मला एवढेच सांगावयाचे आहे की हा प्रश्न चांगला आहे, आणि छापील पुस्तके कितीही वाचली तरी तो सुटणार नाही. तो सुटलाच तर एखाद्या पत्राने सुटेल.

'वृत्तपत्रविद्या हा आमचा प्रांत नव्हे' असे मराठी विभागातील काही सहकारी म्हणतात. त्यांना मी बाळशास्त्री जांभेकरांची आठवण देतो. 6 जानेवारी 1832 रोजी 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री 1834 मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापक झाले. मराठीतील पहिला संपादक हा आपल्या पहिल्या प्राध्यापकांपैकी एक आहे, हा योगायोग समजण्याचे कारण नाही. वाचकाला शिकवावे या एकाच हेतूची ती दोन रूपे होती. 'सुधारक' चालविणारे आगरकर 1892 पासून मृत्यूपर्यंत फर्ग्युसनचे प्राचार्य होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1918 ते 1920 या काळात सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' निघाला तेव्हा ते सरकारी नोकरीत होते, म्हणून पत्रावर संपादक म्हणून नाव दुसऱ्याचे राहिले. वर्ग आणि वृत्तपत्र यांच्यामधील भिंत आपल्या परंपरेत फार उशिरा उभी राहिली. ती उभी राहिल्यावर एका बाजूला साहित्यिक ठेवला आणि दुसऱ्या बाजूला अध्यापक, व पहिल्याचेच कागद जपण्याजोगे मानले, असा हा प्रकार आहे.

आणि जपले म्हणजे काय मिळते, याचेही दाखले याच तिघांत आहेत. बाळशास्त्री 1846 मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेले. त्यांचे लेखन व चरित्रसाधने ग. गं. जांभेकर यांनी एकत्र करून प्रसिद्ध केली ती 1950 मध्ये, म्हणजे एकशे चार वर्षांनी. एका वंशजाच्या चिकाटीवर हे काम उभे आहे. कोणत्याही संस्थेच्या धोरणावर नव्हे. बाबासाहेबांच्या मागे राहिलेल्या हस्तलिखितांतून, नागपूरचेच वसंत मून यांच्या संपादनाखाली, महाराष्ट्र शासनाने 1979 पासून जे खंड काढले, त्यांत पूर्वी कधीच न छापलेले ग्रंथ आहेत. ते कागद नष्ट झाले असते तर भारतीय विचाराच्या इतिहासातील काही प्रकरणे आपल्याला ठाऊकच झाली नसती. अर्थात प्रत्येक प्राध्यापकाच्या ट्रंकेत असे काही दडलेले असते, असा माझा दावा नाही. बहुतेक ट्रंकांमध्ये हजेरीपट, विजेची बिले आणि विद्यापीठाची परिपत्रके असतात. पण हजेरीपटही काही सांगतो.

येथे एक अनुभव नोंदविणे अवश्य वाटते. विदर्भातील एका महाविद्यालयात मी शिकवीत होतो. तेथे वृत्तपत्रविद्येचा पदविका अभ्यासक्रम अनेक वर्षे चालविणारे एक ज्येष्ठ सहकारी होते. त्यांनी पुस्तक लिहिले नाही. निवृत्तीच्या वेळी त्यांना शाल-श्रीफळ मिळाले, एक छोटा गौरवअंक निघाला, आणि त्यातील सर्व लेखांत ते शिस्तप्रिय व प्रेमळ होते असे लिहिले गेले. मीही तेच लिहिले. ते गेल्यानंतर काही महिन्यांनी त्यांच्या पत्नीने निरोप पाठविला : सरांच्या दोन ट्रंका आणि चार गठ्ठे आहेत, विभागाला हवे आहेत का? मी प्रमुखांकडे गेलो. जागा नाही, असे उत्तर मिळाले. उत्तर खोटे नव्हते, कारण विभागाला खरोखरच दोन कपाटे होती व त्यांपैकी एक परीक्षेच्या उत्तरपत्रिकांनी भरलेले होते. मी बाईंना 'बघतो' म्हणालो. दिवाळीपूर्वीची साफसफाई आली. मी गेलो तेव्हा गठ्ठे किलोच्या भावाने गेले होते, ट्रंका धुऊन उन्हात वाळत होत्या. बाईंनी माझ्या हातात एक जाड नोंदवही ठेवली. ती उशाखाली राहिली होती म्हणून वाचली. या प्रसंगात दोष द्यावयाचा तर प्रथम मला द्यावा लागेल. माझ्या घरात जागा होती.

ती नोंदवही म्हणजे सुरुवातीच्या पानांवर हजेरीपट आणि उलट बाजूने शब्दसंग्रह. तारयंत्रावर इंग्रजीत येणाऱ्या बातम्या मराठीत करताना विद्यार्थी जेथे अडखळत, तेथे सरांनी शब्द टिपले होते. कर्फ्यूला संचारबंदी, बायइलेक्शनला पोटनिवडणूक, ऑर्डिनन्सला अध्यादेश हे शब्द आज आपल्याला जन्मजात वाटतात. नोंदवहीत मात्र प्रत्येक शब्दापुढे खाडाखोड आहे. एके ठिकाणी, बातमीदाराला माहिती देणाऱ्या अज्ञात व्यक्तींसाठी 'सूत्रे' हा शब्द लिहून खोडला आहे. त्याजागी 'जाणकार' लिहिला आहे. तोही खोडून पुन्हा 'सूत्रे' आले आहे. समासात पेन्सिलीने, सूत्र म्हणजे दोरा आणि दोऱ्याला तोंड नसते, अशा आशयाचा शेरा आहे. आज रोजच्या वर्तमानपत्रात 'सूत्रांनी सांगितले' हे वाक्य आपण दहा वेळा वाचतो. ते मराठीत स्थिरावताना एका वर्गात कुणीतरी कुरकुरले होते आणि नंतर हरले होते, हे त्या एका पानावरून कळते. भाषेच्या इतिहासाचे असे पान कोणत्या शब्दकोशात मिळणार? शब्दकोश निकाल नोंदवितो. खटला कसा चालला ते अशा वहीत असते. आणि ही एक वही आहे. चार गठ्ठ्यांत काय होते, याचा विचार मी आता करीत नाही.

या मांडणीवर घेतले जाणारे आक्षेप मला माहीत आहेत. पहिला, ही व्यक्तिपूजा आहे. वस्तुस्थिती उलट आहे. व्यक्तिपूजा गौरवग्रंथ करतात. कागदपत्रे ती मोडतात. ज्याला आपण निर्भीड म्हणून गौरविले त्याने कुलगुरूंना लिहिलेल्या अर्जाची भाषा कशी होती, हे कागदच सांगतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अध्यापकाच्या कागदांत विद्यार्थ्यांची पत्रे असतात : फी भरता येत नाही, घरचे लग्न लावून देत आहेत, संपादकाने पगार थकविला. ही माणसे हयात असतात, आणि त्यांनी हे संशोधकासाठी लिहिलेले नसते. असे कागद पंचवीस-तीस वर्षे बंद ठेवावेत, देणाऱ्या कुटुंबाच्या अटी लेखी घ्याव्यात, हा जगभर रुळलेला उपाय आहे. कागद बंद ठेवणे आणि कागद नसणे यांत फरक आहे. तिसरा आक्षेप जागेचा. त्याविषयी मी वर लिहिलेच आहे.

आपल्याकडे कागद जमविण्याची परंपराच नाही, हे तर कोणी म्हणूच नये. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून, लोकांच्या कणग्यांतून आणि फडताळांतून रुमालात बांधलेली दप्तरे मिळविली व 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड काढले. 1910 मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ त्यातूनच उभे राहिले. अठराव्या शतकातील कारकुनाने लिहिलेली जमाखर्चाची यादी आपण डोळ्यांत तेल घालून वाचतो, तीवर टीपा देतो, तिच्या तारखेवरून वाद घालतो. विसाव्या शतकातील प्राध्यापकाची यादी मात्र आपल्याला रद्दी वाटते, कारण ती लिहिणारा आपल्या ओळखीचा होता. ओळखीच्या माणसाचा कागद ऐतिहासिक असू शकतो, हे मान्य करावयास आपल्याला दोनशे वर्षे का लागावीत?

करावयाचे काम फार खर्चाचे नाही. कागद घरातून आणताना ज्या क्रमाने ठेवलेले आहेत तो क्रम मोडू नये. आपण उत्साहाच्या भरात पत्रे एकीकडे, कात्रणे दुसरीकडे अशी वाटणी करतो आणि कोणते कात्रण कोणत्या पत्रासोबत आले होते हा दुवा कायमचा तोडतो. वर्तमानपत्राचा कागद स्वतःच्याच आम्लाने पिवळा पडून तुटतो व शेजारच्या कागदालाही डागतो. त्याच्या प्रती काढून मूळ वेगळे गुंडाळावे, आणि ते कोठून काढले याची चिठ्ठी तेथे ठेवावी. टाचण्या व स्टेपल काढाव्यात, त्या गंजतात. साधी नोंदवही घालून गठ्ठ्यागणिक चार ओळी लिहाव्यात. एम. ए.च्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून दरवर्षी जे तेच ते कादंबऱ्यांचे आशयसूत्र शोधावयास लावले जाते, त्याऐवजी दोघांना एका निवृत्त अध्यापकाचे दप्तर लावावयास सांगितले, तर भाषेचा अभ्यास म्हणून ते काही कमी पडणार नाही.

एका बाबतीत मात्र घाई आहे, आणि ती जुन्या कागदांबाबत नाही. ज्या पिढीने 1990 नंतर संगणकावर मराठी टंकलेखन केले, त्या पिढीतील अध्यापक आता निवृत्त होत आहेत, काही गेलेही आहेत. त्यांची टिपणे फ्लॉपींवर नि सीडींवर आहेत. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या टंकांत ती लिहिलेली असल्यामुळे आजच्या यंत्रावर उघडली तर मराठीऐवजी निरर्थक चिन्हांची रांग दिसते. त्या टंकांचे रूपांतर करता येते. त्यासाठी कोणता टंक वापरला होता हे ठाऊक असावे लागते, आणि ते ठाऊक असलेला माणूस बहुधा एकच असतो : टंकलेखन करणारा स्वतः. शंभर वर्षांपूर्वीची मोडी वाचणारे अजून मिळतात. पंचवीस वर्षांपूर्वीची फ्लॉपी वाचण्याचे यंत्र शोधावे लागते. वूल्सलींचे टंकलिखित पत्र उजेडात धरले की वाचता येते; आपल्या कालच्या सहकाऱ्याचा अभ्यासक्रम वाचता येत नाही. तेव्हा अशा अध्यापकांकडे ते असतानाच जावे, त्यांच्यासमोर बसून फायली उघडाव्यात, छापून घ्याव्यात, आणि एखादा शब्द का खोडला हे जमल्यास विचारून टाकावे.

आमच्या विभागाच्या कपाटातील सर्वांत खालचा कप्पा गेल्या जूनमध्ये रिकामा करून घेतला आहे. त्यात तूर्त ती एकच नोंदवही आहे.